ओली फडकी

माझं काम एवढंच: फडकी ओली ठेवायची.
सकाळी एकदा, दुपारी एकदा,
उन्हाळ्यात निजण्याआधी पुन्हा.
माती सुकली की मेली, मेश्तेर म्हणायचे,
आणि महिन्याचे सहा लेई
स्वतः माझ्या खिशात टाकायचे.
कधी चारच, मान खाली घालून.

दुंबोवित्साच्या काठी धुणं धुणारी मी, सावेता,
मला कुठलं कळायला शिल्प!
पण ओल्या कापडाची नस कळते:
किती पिळायचं, किती ठिबकू द्यायचं.
फार पिळलं तर खांदा भेगाळतो,
ठिबकू दिलं तर नाक गळून पडतं.
एकदा पडलं. त्यांनी ते उचललं, बशीत ठेवलं,
आणि नवं केलं, आधीच्याहून उदास.

ती कोण, मी विचारलं नाही.
कमरेपर्यंत बाई, विधवेसारखं कपाळ,
पाठीला एकच पंख, तोही मिटलेला,
खाली मासळीचं जड शेपूट.
डोळे नव्हतेच, अंगठ्याचे दोन दाब.
आमच्या गावी वाटसरूला वेडं करणाऱ्या येले असतात,
पण त्या फेर धरून येतात. ही एकटी.
'हिचं नाव?' पाद्री पाराशिवनी विचारलं.
'अजून सांगितलं नाही तिने.'
पाद्रींनी छातीवर क्रूस काढला
आणि शेगडीपाशी सरकले.

मग समिती आली. तीन गृहस्थ, सहा हातमोजे.
त्यांना घोड्यावरचा जनरल हवा होता.
एकाने बाईकडे पाहून नाक मुरडलं,
एकाने घड्याळ पाहिलं.
मेश्तेरनी जनरल केला. पोट काय मातीने भरतं?
मिशा केल्या, बटणं केली, नाल ठोकले.
घोड्याचा चेहरा मात्र समितीला उमगला नाही.
कुठे चाललोय ते घोड्याला कळलेलं होतं.

सोळा साली शहर पडलं.
मेश्तेर शेवटच्या गाडीने याशला गेले.
दारात म्हणाले, 'फडकी.' बस, एवढंच.
जर्मनांनी घंटा उतरवल्या, दारांच्या मुठी काढल्या,
माझं जॅमचं तांब्याचं पातेलंसुद्धा.
जनरलला घोड्यासकट दोर लावून ओढून नेलं.
ओतलं असेल कशात तरी.
मातीच्या बाईला कोणी हात लावला नाही.
एक शिपाई आला होता, मिसरूडही न फुटलेला.
फडकं उचलून बराच वेळ बघत राहिला,
मग कोपरे सारखे करून
पुन्हा तसंच पांघरलं.

फेब्रुवारीत मला टायफस झाला. सतरा दिवस.
उठले तेव्हा फडकी लाकडासारखी ताठ,
सोडवायला गेले तर
पंख हातात आला.

दीड वर्षाने मेश्तेर परतले.
मी पायरीवरच सगळं एका दमात सांगून टाकलं.
ते म्हणाले, 'केस कधी कापले, सावेता?'
'तापात.'
मग त्यांनी पिंप ओढलं, तुकडे टाकले,
शेपूट, कपाळ, पंख, एकेक,
वर पाणी ओतलं.
रात्रभर माती बुडबुडत होती,
झोपेत कोणी बोलावं तशी.
तिसऱ्या दिवशी तीच मळायला घेतली.
पंख पुन्हा एकच केला.
केस या खेपेस कानापर्यंतच.

ते गेल्यावर कोणीतरी ती ब्राँझमध्ये ओतून घेतली.
संग्रहालयात जिन्याखाली उभी आहे,
पाटीवर त्यांचं नाव, तेओफिल द्रागुलिन,
आणि तिच्या नावाच्या जागी एक रेघ.
मी रविवारी जाते, तिकीट नसतं त्या दिवशी.
पंखामागे, भिंतीकडच्या बाजूला,
जिथे कोणी वाकून बघत नाही,
बोटाला लागते आडवी-उभी ढोबळ वीण
माझ्या फाटक्या चादरीची.
कोपऱ्यातला रफूसुद्धा आलाय.
बोट गार पडतं.
राखणदार दुसरीकडे बघतो.
इतकी वर्षं झाली, तरी हात लावला की
ओलं आहे ना,
हेच आधी बघते.